उपजत प्रतिकारशक्तीची तालीम : परळच्या प्रयोगशाळांच्या निमित्ताने एक अभ्यास

मुंबईत परळच्या आचार्य दोंदे मार्गावर एकमेकींपासून फारशा दूर नसलेल्या दोन संस्था आहेत. एक हाफकिन संस्था आणि दुसरी राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले केईएम. पहिलीचा जन्म प्लेगच्या साथीतून झाला. १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनाच्या वास्तूत आली व १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. दुसरी संस्था १९२६ मध्ये सुरू झाली. तेथे १९८० नंतरच्या दशकात औषधशास्त्राच्या काही अभ्यासकांनी आपल्या रानावनांत आढळणाऱ्या एका वेलीची आधुनिक कसोट्यांवर परीक्षा आरंभिली. ती वेल म्हणजे गुळवेल होय. लस आणि वेल या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे त्या काळी कोणाला फारसे वाटले नसते. गेल्या दीड दशकातील संशोधनाने मात्र तो संबंध शोधण्यासारखा आहे असे दाखविले आहे.

हा विषय केवळ शास्त्रज्ञांपुरता राहिलेला नाही. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीने मुंबईत प्रवेश केला आणि चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालय, केईएम, नायर यांच्या दारी रुग्णांच्या रांगा लागल्या. त्याच सुमारास गिरगावातील काष्ठौषधींच्या दुकानांतून आणि दादर स्थानकाबाहेरच्या पाटीवाल्यांकडून गुळवेलीची मागणी एकाएकी वाढली. काढ्याची पाकिटे, गोळ्या, रस यांवर ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ अशी अक्षरे झळकू लागली. चाळींच्या समित्यांनी, मंडळांनी, गावोगावच्या ग्रामपंचायतींनीही अशा वस्तूंचे वाटप केले. हेतू चांगलाच होता. परंतु प्रतिकारशक्ती ‘वाढते’ म्हणजे शरीरात नेमके काय होते, किती काळ होते आणि त्याने विषाणूला खरोखर आळा बसतो काय, हे प्रश्न त्या धामधुमीत विचारावयाचे राहून गेले. पुढची साथ येईल तेव्हा हेच प्रश्न पुन्हा पंचायतीच्या सभेपुढे व शाळेच्या वर्गात येणार आहेत.

दोन प्रकारचे पहारे

मानवी शरीराच्या संरक्षणाची व्यवस्था दुहेरी आहे. लालबाग-परळच्या गिरण्या आता बंद झाल्या असल्या तरी त्यांच्या फाटकाचे चित्र येथील जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून असेल. फाटकावर पहारेकरी असे. अनोळखी माणूस दिसला की तो त्यास हटकी; त्याला नाव-गाव विचारण्याची गरज नसे. आत कचेरीत मात्र हजेरीपट असे आणि त्यात प्रत्येकाची नोंद असे. शरीरातील फाटकावरचा पहारा म्हणजे उपजत प्रतिकारशक्ती. त्वचा, श्लेष्मल आवरणे, रक्तातील निरनिराळ्या पांढऱ्या पेशी, जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी, विषाणूने ग्रासलेल्या पेशींचा नाश करणाऱ्या मारक पेशी आणि विषाणूची चाहूल लागताच शेजारच्या पेशींना सावध करणारे इंटरफेरॉन नावाचे द्रव्य, ही सर्व या पहाऱ्याची अंगे होत. हा पहारा काही मिनिटांत वा तासांत कामास लागतो. दुसरी, संपादित प्रतिकारशक्ती ही कचेरीसारखी आहे. ती विशिष्ट जंतूची ओळख पटवून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तिला पहिल्या खेपेस आठवडा-दोन आठवडे लागतात, परंतु एकदा नोंद झाली की ती वर्षानुवर्षे टिकते. देवीची, गोवरची, पोलिओची लस याच नोंदवहीवर विसंबून आहे.

पाठ्यपुस्तकांत फार दिवस असे शिकविले जात होते की, स्मरण हा केवळ कचेरीचा गुण आहे. पहारेकऱ्याला काल कोण आले होते याची आठवण नसते. आज तो कालच्यासारखाच नवखा असतो. विद्यार्थ्यांना पाठ करावयास हा भेद मोठा सोयीचा होता. अडचण एवढीच होती की, काही निरीक्षणे त्यात बसत नव्हती.

त्यांतील सर्वांत जुने निरीक्षण क्षयरोगप्रतिबंधक बीसीजी लशीसंबंधी आहे. स्वीडनच्या उत्तर भागात ही लस देणारे कार्ल नॅस्लुंड यांनी १९३२ मध्येच नमूद केले होते की, लस दिलेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी आहे आणि केवळ क्षयरोग टळल्याने एवढा फरक पडणे शक्य नाही. पुढे पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशात पीटर आबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पाहणी करून, कमी वजनाच्या नवजात बालकांत बीसीजीमुळे इतर संसर्गांनी होणारे मृत्यूही घटतात असे दाखविले. लस एका रोगाची आणि लाभ दुसऱ्या रोगांत, असा हा प्रकार होता. याशिवाय, ज्यांच्यात प्रतिपिंडांची व्यवस्थाच नाही अशा वनस्पती व कीटकांनाही एकदा झालेल्या संसर्गानंतर पुढचा संसर्ग सोसण्याची शक्ती येते, हे जीवशास्त्रज्ञांना ठाऊक होते. स्मरण फक्त कचेरीत असते तर जेथे कचेरीच नाही तेथे हे घडलेच नसते.

नेदरलँड्समधील नायमेखन येथील मिहाई नेटेआ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या साऱ्या निरीक्षणांना एक नाव दिले. त्याचे मराठी रूप ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ असे होईल. प्रस्तुत लेखकास मात्र ‘तालीम’ हा आपला जुना शब्द अधिक नेमका वाटतो. तालमीत घुमणारा गडी कोणा एका प्रतिस्पर्ध्याचा चेहरा लक्षात ठेवीत नाही. त्याचे अंग तयार होते आणि मग समोर कोणीही आला तरी तो लवकर व जोराने भिडतो. उपजत पेशींचे असेच होते. त्यांना एका विशिष्ट द्रव्याचा स्पर्श घडला, मध्ये काही दिवस वा आठवडे विश्रांतीचे गेले आणि मग निराळ्याच जंतूशी गाठ पडली, तरी त्यांचा प्रतिसाद पूर्वीपेक्षा जोमदार होतो.

दप्तराचे रुमाल

हे घडते कसे, हा भाग समजण्यास थोडा अवघड आहे, परंतु सरकारी कचेरीत काम केलेल्या वाचकाला तो सहज कळावा. आपल्याकडे जुने दप्तर रुमालात बांधून ठेवण्याची पद्धत पेशवाईपासून चालत आली आहे. कागद नष्ट होत नाहीत. पण रुमाल घट्ट बांधून फळीवर ठेवलेला असेल तर हवा तो कागद काढावयास वेळ लागतो. पेशीतील जनुकांचेही तसेच आहे. जनुकांचा लांबच लांब धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ज्या ठिकाणी गुंडाळी घट्ट तेथील जनुक मुके राहते. जेथे ती सैल तेथील जनुक वाचले जाते व त्यावरून प्रथिने तयार होतात. तालीम मिळालेल्या पेशीत संरक्षणाशी संबंधित जनुकांजवळच्या रिळांवर मिथिल वा अॅसिटिल गटांच्या लहान रासायनिक खुणा बसतात. त्या खुणांमुळे तेवढे रुमाल सोडून मेजावर ठेवल्यासारखे होतात. जनुकात बदल काहीच होत नाही. मजकूर तोच राहतो, फक्त तो हाताशी येतो.

त्याबरोबर पेशीचा आहारही पालटतो. एरवी पेशी साखरेचे संथपणे व काटकसरीने पूर्ण ज्वलन करते. तालीम मिळालेली पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही साखर घाईने अर्धवट फोडण्याचा मार्ग धरते. त्यात उधळपट्टी असते, पण निकडीच्या कामास शक्ती तत्काळ मिळते. या फेरफारात साचणारी काही द्रव्ये, उदाहरणार्थ फ्युमरेट, वर सांगितलेल्या रासायनिक खुणा पुसल्या जाऊ देत नाहीत. म्हणजे पोट आणि स्मरण यांची येथे सांगड आहे.

एक शंका चौकस वाचकाच्या मनात येईल. रक्तातील या पांढऱ्या पेशी फार थोडे दिवस जगतात. मग बीसीजीचा परिणाम तीन महिने, क्वचित वर्षभर कसा टिकतो? शिकलेला पहारेकरी आठवड्यात निवृत्त झाला तर शिकवण कोठे राहिली? याचे उत्तर २०१८ मध्ये मिळाले. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसून आले की, बीसीजी किंवा बीटा-ग्लुकन दिल्यावर हाडांच्या मज्जेतील मूळ पेशींवरच परिणाम होतो. जेथे पहारेकऱ्यांची भरती होते तेथेच तालीम सुरू होते आणि मग बाहेर पडणारी प्रत्येक नवी तुकडी शिकूनच येते. पुढे माणसांच्या मज्जेतही बीसीजीनंतर अशा खुणा आढळल्या.

तथापि प्रत्येक उत्तेजनाने तालीमच होते असे नाही. काही जंतूंच्या आवरणातील विषारी द्रव्य मोठ्या मात्रेत दिले तर पेशी उलट सुस्त होतात आणि पुढच्या संसर्गास थंड प्रतिसाद देतात. द्रव्य कोणते, मात्रा किती आणि मध्ये अवधी किती, यावर सारे अवलंबून आहे. ‘नैसर्गिक आहे, मग जितके घ्यावे तितके बरे’ हे म्हणणे येथेच लंगडे पडते.

किण्वातील ग्लुकन

निसर्गातील ज्या पदार्थांनी ही तालीम घडते त्यांत सर्वांत अधिक अभ्यास बीटा-ग्लुकनचा झाला आहे. ग्लुकोजच्या कणांची साखळी जोडून झालेली ही बहुशर्करा होय. पावाच्या किण्वाच्या पेशीभित्तीत, अळंबीत, बुरशीत, तसेच ओट व सातू यांच्या दाण्यांत ती असते. किण्वाच्या भित्तीपासून काढलेला झायमोसान हा पदार्थ १९५० नंतरच्या दशकातच प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरात होता. जपानी शास्त्रज्ञांनी शिताके या अळंबीतून लेंटिनान हे ग्लुकन वेगळे काढल्याचे १९६९ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे जठराच्या कर्करोगात ते पूरक औषध म्हणून तेथे वापरले गेले. भक्षक पेशी हे ग्लुकन ओळखतात कसे, याचा उलगडा २००१ मध्ये झाला. त्यांच्या पृष्ठभागावर डेक्टिन-१ नावाचा ग्राही आहे. किल्ली कुलपात बसावी तसे ग्लुकन त्यात बसते. २०१२ मध्ये नायमेखनच्या प्रयोगांनी याच ग्राहीच्या मार्गाने पेशींना तालीम मिळते हे दाखवून दिले.

सगळी ग्लुकने सारखी नसतात हेही ध्यानात ठेवावे. किण्वातील व अळंबीतील साखळीची जोडणी आणि ओट-सातूतील जोडणी भिन्न आहे. ओटचे ग्लुकन रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविण्यास उपयुक्त ठरते, परंतु म्हणून ते किण्वाच्या ग्लुकनासारखी तालीमही देईल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय प्रयोगशाळेत उंदराला ग्लुकन बहुधा पोटाच्या पोकळीत टोचून देतात. माणूस ते खातो. गिरगावच्या कोपऱ्यावरील वडापावच्या पावात किण्व असते हे खरे असले तरी त्या हिशेबाने मुंबईकर एव्हाना अजिंक्य व्हावयास हवा होता.

केईएममधील गुळवेल

आता गुळवेलीकडे वळू. आयुर्वेदाने तिला अमृता म्हटले आहे, रसायन द्रव्यांत तिची गणना केली आहे आणि रोगाला विरोध करण्याच्या शरीराच्या सामर्थ्यास ‘व्याधिक्षमत्व’ अशी संज्ञा दिली आहे. परंतु ग्रंथातील महती हा आधुनिक अर्थाने पुरावा नव्हे. तो मिळविण्याचा प्रयत्न केईएमशी संलग्न सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. डॉ. डहाणूकर वैद्यकाबरोबरच मराठीत वनस्पतींविषयी रसाळ लेखन करणाऱ्या म्हणूनही अनेक वाचकांस परिचित आहेत.

त्यांच्या विभागाने प्राण्यांना आधी काही दिवस गुळवेल देऊन नंतर पोटात जंतुसंसर्ग घडविला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण घटल्याचे आढळले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक अभ्यास आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्यात एका बाजूस गुळवेल, शतावरी इत्यादी वनस्पती आणि दुसऱ्या बाजूस ग्लुकन व लिथियम कार्बोनेट ठेवून तुलना केली होती. पांढऱ्या पेशींची संख्या वाढविणे आणि कर्करोगावरील औषधाने तिच्यात होणारी घट रोखणे या कामी आपल्या वनस्पती ग्लुकनाच्या तोडीस उतरल्या. ज्या ग्लुकनावर पुढे तालमीचा सारा सिद्धान्त उभा राहिला, तेच ग्लुकन परळच्या प्रयोगशाळेत गुळवेलीच्या शेजारी मोजमापाला बसले होते, आणि तेही या सिद्धान्ताला नाव मिळण्याच्या तेवीस वर्षे आधी. १९९४ मध्ये याच गटाने असेही प्रसिद्ध केले की, गुळवेल दिल्यावर रक्तद्रवात मज्जेतील पेशींना वाढीची चालना देणारी क्रिया दिसते. मज्जेचा उल्लेख येथेही यावा हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रकाशित झाला. पित्तनलिका अडल्याने होणारी कावीळ शस्त्रक्रियेस मोठी धोक्याची असते. यकृत थकलेले असते आणि जंतू गिळण्याची पेशींची शक्ती खालावलेली असते. केईएममधील अशा ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांना पित्ताचा निचरा, प्रतिजैविके इत्यादी नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला त्याखेरीज गुळवेल देण्यात आली. यकृताची कार्यक्षमता दोन्हीकडे सारखीच सुधारली. परंतु भक्षक पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्ती केवळ गुळवेल घेतलेल्या गटात पूर्ववत झाली. निचऱ्यानंतर पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांत रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकाही रुग्णात ती दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्यात ४० टक्के, तर दुसऱ्यात ९२.४ टक्के होते. हे आकडे उत्साह वाढविणारे आहेत. पण रुग्णसंख्या ३० आहे हेही त्यांच्याबरोबरच वाचावयाचे असते.

गुळवेलीतील कोणते द्रव्य हे काम करते, याचा शोध मुंबईच्याच दुसऱ्या टोकास, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घेतला गेला. तेथील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गुळवेलीच्या खोडातून अरॅबिनोगॅलॅक्टन जातीची एक बहुशर्करा वेगळी काढल्याचे जाहीर केले. ती भक्षक पेशींवरील टीएलआर-४ या ग्राहीच्या मार्गे त्यांना जागे करते असे त्यांनीच २००९ मध्ये दाखविले. किण्वातील ग्लुकन व वेलीतील हे द्रव्य, दोन्ही बहुशर्कराच. फक्त त्यांची कुलपे वेगळी.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळावयास हवा. एखाद्या द्रव्याने पेशी जाग्या होणे वेगळे आणि त्यांना तालीम मिळणे वेगळे. तालीम म्हणावयाची तर द्रव्य देऊन थांबावे लागते, पेशी पूर्ववत शांत झाल्या याची खात्री करावी लागते आणि मग दुसऱ्या जंतूशी गाठ घालून प्रतिसाद मोजावा लागतो; हिस्टोनवरील खुणाही तपासाव्या लागतात. केईएमचे प्रयोग झाले तेव्हा ही कसोटी अस्तित्वातच नव्हती. शिवाय ते प्रयोग मुख्यतः जीवाणूंविरुद्धचे होते, विषाणूंविरुद्धचे नव्हते. गुळवेल ही तालीमबाज आहे की केवळ हाक मारून उठविणारी, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

विषाणूंपुढे परीक्षा

तालमीने विषाणूला आळा बसतो याचा माणसातील चांगला दाखला २०१८ मध्ये मिळाला. नायमेखनच्या स्वयंसेवकांना आधी बीसीजी व महिन्याने पीतज्वराची लस दिली. पीतज्वराच्या लशीत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. बीसीजी घेतलेल्यांच्या रक्तात तो विषाणू कमी आढळला. या निष्कर्षामुळे २०२० मध्ये जगभर मोठी आशा निर्माण झाली. ज्या देशांत बीसीजी सर्वांना दिली जाते तेथे करोना कमी पसरेल असे नकाशेही छापले गेले. आपल्याकडे नवजात बालकांना बीसीजी दिली जात असताना मुंबईने काय सोसले हे सर्वांनी पाहिले आहे. नकाशे पाहून निष्कर्ष काढणे किती फसवे असते, याचा तो धडाच होय.

नकाशांपेक्षा चाचण्या अधिक बोलतात, पण त्याही एकमुखाने बोलल्या नाहीत. ग्रीसमध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्या वृद्धांना बीसीजी दिली असता त्यांच्यातील नवीन संसर्गांचे प्रमाण ४२.३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट ऑस्ट्रेलिया, ब्राझील व युरोपातील काही देशांत सुमारे चार हजार आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत लक्षणांसह करोना झालेल्यांचे प्रमाण बीसीजी गटात १४.७ टक्के व दुसऱ्या गटात १२.३ टक्के निघाले. म्हणजे संरक्षण मिळाले नाही. हा निकाल २०२३ मध्ये जाहीर झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांना बीसीजी देऊन अभ्यास केला. त्यात वृद्धांच्या रक्तातील दाहजनक द्रव्यांची पातळी लस दिल्यावर खाली आल्याचे दिसले. तालीम म्हणजे केवळ जोर नव्हे, आवर घालणेही तिच्यात येते, असा एक अर्थ त्यातून निघतो.

याच अर्थाला पुष्टी देणारे काम मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून २०२५ मध्ये पुढे आले. बीटा-ग्लुकन दिलेल्या उंदरांना इन्फ्लुएंझाचा संसर्ग केला असता ते अधिक संख्येने वाचले. परंतु त्यांच्या फुप्फुसातील विषाणू कमी झालेले नव्हते. फुप्फुसाची हानी कमी झाली होती. शत्रू मेला नाही, घर मात्र वाचले. विषाणुजन्य रोगात पुष्कळदा विषाणूपेक्षा शरीराच्या बेफाम प्रतिसादानेच जीव जातो हे लक्षात घेता या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. अर्थात उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर अद्याप तोडावयाचे आहे.

यकृताचा इशारा

केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२० च्या उपचारपद्धतीत गुळवेलीचा समावेश होता आणि लक्षावधी लोकांनी ती घेतली. बहुतेकांना काही अपाय झाला नाही. तथापि दक्षिण मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात आलेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. गुळवेलीच्या सेवनानंतर त्यांच्या यकृतास इजा झाली होती. मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही व गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असण्याचा संभव आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची माहिती प्रकाशित केली. त्यांतील अनेकांच्या रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्ध काम करणारी प्रतिपिंडे सापडली.

वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. पण तालमीचा सिद्धान्त समजून घेतलेल्या वाचकाला या वृत्तान्तात नवल वाटू नये. जे द्रव्य प्रतिकारशक्तीला खरोखर चेतविते, ते ज्याची प्रतिकारशक्ती आधीच आपल्या घरावर उलटलेली आहे त्याला अपायही करू शकेल. ग्लुकनाने तालीम दिलेल्या उंदरांत संधिदाह अधिक तीव्र होतो, हे २०२२ च्या एका प्रयोगात दिसले आहे. औषध निरुपद्रवी आहे आणि प्रभावी आहे, ही दोन्ही विशेषणे जाहिरातीत शेजारी शेजारी नांदतात. शरीरात ती नेहमीच नांदतात असे नाही.

या सर्वांतून ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीला किंवा मुख्याध्यापकांना व्यवहारासाठी काय घेता येईल? ज्यांना यकृताचा जुना विकार आहे, संधिवातासारखा स्वप्रतिकाराचा रोग आहे, किंवा अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दबविणारी औषधे चालू आहेत, तसेच ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांना सरसकट वाटपातून वगळून डॉक्टरांकडे वा वैद्यांकडे पाठवावे. कोणी गुळवेल घेत असता डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर सेवन तत्काळ थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासावे आणि काय, किती व किती दिवस घेतले ते तेथे स्पष्ट सांगावे. काढा घेतला म्हणून लस टाळणाऱ्यास हे सांगावे की, तालीम ही फाटकावरच्या पहाऱ्याची असते. कचेरीतील नोंद लशीनेच होते. ‘अमुक विषाणूवर हमखास’ अशी जाहिरात दिसल्यास तिला गावात थारा देण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाकडे विचारणा करावी.

आणि वेल ओळखता यावी. शाळेच्या परिसर अभ्यासात हे सहज बसते. गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे व गुळगुळीत असते. जुन्या खोडावरची करडी, तपकिरी साल कागदासारखी पातळ सुटते आणि तिच्याखाली हिरवा गर दिसतो. खोड आडवे कापले तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. फांद्यांवरून दोरीसारखी मुळे लोंबतात; फळे वाटाण्याएवढी, झुबक्याने येणारी व पिकल्यावर लाल होतात. टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्या भावंडाच्या खोडावर मात्र जागोजाग चामखिळीसारखे उंचवटे असतात. हा फरक ओल्या वेलीत हाताला लागतो. वाळवून भुकटी केली की तो डोळ्यांनी कळत नाही, म्हणून सार्वजनिक वाटपासाठी खरेदी करताना भुकटीचे सुटे पुडे घेऊ नयेत. उत्पादनाचा परवाना क्रमांक, वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेला भाग ज्या वेष्टनावर छापलेला आहे तेच घ्यावे आणि त्याची नोंद दप्तरी ठेवावी.